सात शेंगांची उमेदवारी

नोकरीला नव्याने लागलेल्या पोरांसमोर दोन शब्द बोलायला मला बरेचदा बोलावतात. विषय ठरलेला असतो: पदवीनंतरच्या उमेदवारीतून वित्तक्षेत्रातलं आयुष्य कसं उभं राहतं. मी दर वेळी जळगावच्या डाळमिलची गोष्ट सांगतो. गोदामातली सत्तर पोत्यांची तूट मी कशी पकडली, मग माझाच आकडा मला कसा टोचत राहिला आणि मी फेरमोजणी कशी करायला लावली. पोरं माना डोलावतात. एकदा पहिल्या रांगेतल्या एकानं वहीत 'सचोटी' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. गोष्ट खोटी नाही. तिच्यातला खाण्याचा भाग तेवढा मी गाळतो.

धुळ्याहून बी.कॉम. करून मी जळगावला एका सीएंच्या ऑफिसात उमेदवारीला लागलो ते ऐंशीच्या दशकात. महिन्याला जे मिळायचं त्यात खाणावळीचं भागायचं, चहाचं नाही. पण धुळ्यात वडिलांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की मुलगा 'ऑडिटला' असतो. मीही एसटीतून उतरताना फाइल अशी छातीशी धरायचो, की तीत अख्ख्या जिल्ह्याचे हिशेब असावेत. तीत बहुतेक वेळा आईनं दिलेल्या पोळ्या असत.

तीन वर्षं संपत आली, तरी सर मला एकट्याला कुठं सोडत नव्हते. परीक्षेत मी दोनदा आपटलो होतो. तिसऱ्यांदा आपटलो तर धुळ्याला परत जाऊन गल्लीला काय तोंड दाखवायचं, हा प्रश्न होता. अशात एका डाळमिलचं काम आलं. जुन्या गोदामातली तुरीची पोती नव्या गोदामात हलवायची होती. हलताना ती मोजायची, बस. सर म्हणाले, "स्वतः मोज. दर पोत्याला वहीत एक रेघ. कुणी सांगितलं म्हणून आकडा लिहायचा नाही."

"हो, सर."

"आणि ती पँट बदलून जा."

पँट मी बदलली नाही. क्रीम कलरची होती आणि नवी होती.

हमालांचे मुकादम साठीला टेकलेले, सगळे त्यांना आबा म्हणत. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मोजण्याची त्यांची एक पद्धत होती. नव्या गोदामाच्या दारात ते उकिडवे बसत. एका बाजूला भाजलेल्या शेंगांची पिशवी, पुढ्यात पत्र्याचं झाकण. दहा पोती आत गेली की पिशवीतली एक शेंग झाकणात टाकायची. शेवटी झाकणातल्या शेंगा मोजायच्या. हे त्यांनी मला सुरुवातीलाच समजावून सांगितलं, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

"भूक लागनी तर पिशवीमातल्या खा," असंही म्हणाले.

दोनशे रेघांपर्यंत मी इमानदारीत होतो. मग मिलच्या मुनीमजींनी ट्रान्झिस्टर लावला. क्रिकेट चालू होतं. डाळीच्या धुळीनं डोळे चुरचुरत होते, म्हणून मी वही मांडीवर ठेवून आबांच्या शेजारी, दाराच्या वाऱ्याला बसलो. म्हटलं, आबा मोजताहेतच. पिशवीतल्या चार शेंगा घेतल्या. टरफलं खिशात टाकली, कारण ऑडिटच्या माणसानं गोदामात कचरा करणं बरं दिसेना. पिशवी आबांच्या पलीकडे होती आणि झाकण माझ्या बाजूला. आबांची नजर पोत्यांवर, माझे कान ट्रान्झिस्टरला. हात आपला मोकळा होता.

संध्याकाळी आबांनी झाकण पुढ्यात ओढलं. सत्त्याहत्तर शेंगा.

"आबा, चौऱ्याऐंशी पाहिजेत," मुनीमजी म्हणाले. "बुकात आठशे चाळीस पोती आहेत."

आबांनी परत मोजल्या. सत्त्याहत्तरच. त्यांनी झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

मिलचे मालक, शेठ आले. "सत्तर पोती कमी? आबा, पोत्यांना पाय फुटले का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुमचा आकडा काय म्हणतो?"

मला साहेब म्हणणारा तो पहिला माणूस. वहीत दोनशे नीट रेघा होत्या, त्यापुढं अंदाजपंचे ओढलेल्या. मी वही मिटली आणि म्हणालो, "सातशे सत्तरच."

सर खूश झाले. "पहिल्याच मोजणीत तूट पकडलीस! पुण्याची एक फायनान्स कंपनी चांगला मुलगा मागतेय. तुझं नाव कळवतो."

रविवारी नळावर क्रीम पँट धुवायला घेतली आणि खिसा उलटा केला. मूठभर टरफलं निघाली. चार शेंगांची नक्कीच नव्हती. मी तिथंच, साबणाच्या फेसात, बसून राहिलो. हमालानं वीस पावलं चालून वाहिलेली पोती मी बसल्या जागी चावून खाल्ली होती.

सोमवारी कळलं की शेठनी आबांची मुकादमी काढून घेतली आणि त्यांना पोती वाहायला लावलं. पोत्यांचा पत्ता लागला नाही तर पोलीस चौकी, असंही सांगितलं. मी सरांच्या टेबलापुढं उभा राहिलो. सांगायला एवढंच होतं: सर, शेंगा मी खाल्ल्या. तोंडातून आलं ते असं: "सर, थप्पी एकदा परत मोजावी असं वाटतं. माझी मलाच खात्री होत नाहीये."

सरांनी चष्मा काढला. "शाब्बास," म्हणाले.

जुनी पँट घालून मी आठशे चाळीस रेघा ओढल्या. एकही पोतं कमी नव्हतं. चोरीचा आळ गेला. आता मुकादमी परत मिळेल, असं मी मनाशी धरून चाललो होतो. शेठ हसत म्हणाले, "म्हाताऱ्याचं डोकं चालेना आता. शेंगांवर मोजतो म्हणे!" मुकादमी एका लिहिता येणाऱ्या पोराला दिली होती, ती त्याच्याकडेच राहिली. आबा माझ्यासमोरून पोतं घेऊन गेले. माझ्या हातात वही होती, तोंडही होतं. आठच दिवसांनी सरांचं शिफारसपत्र पुण्याला गेलं. त्यात माझ्या प्रामाणिकपणावर एक अख्खा परिच्छेद होता. सरांनी तो मला वाचून दाखवला.

नोकरी लागली. जळगाव सोडायच्या दिवशी बॅग घेऊनच मी मिलवर गेलो. आबा फाटकाशी टेकून बसले होते, खांद्यावरची गोणी मांडीवर घडी करून ठेवलेली.

"आबा, त्या दिवशी..."

"मले माहीत शे," आबा म्हणाले. "तुन्हा खिसा फुगेल व्हता."

"मग तेव्हाच बोलला का नाही?"

"काय सांगू? साहेबनी मोजणी खाई टाकी? कोन मानी?" ते जरा हसले. "पोरं हसतीन, शेठ हसी. बठ्ठा गाव हसी."

"मी सांगतो शेठना. आत्ता जाऊन सांगतो."

आबांनी माझ्या बॅगेकडे पाहिलं. "तुन्ही गाडी कव्हय शे?"

आणि मी घड्याळात पाहिलं.

माझ्या हिशेबात मी केलेली सगळ्यात हलकी गोष्ट तीच आहे. खोटा आकडा भीतीपोटी सांगितला म्हणता येईल, शेंगा भुकेपोटी. घड्याळ मी का पाहिलं, याला कारण नाही. शेठची खोली फाटकापासून चार ढांगांवर होती आणि आत शेठ बसलेले दिसत होते.

आबांना माझं उत्तर मिळालं. त्यांनी बाजूच्या पिशवीत हात घालून मूठभर शेंगा काढल्या आणि माझ्या हातात कोंबल्या. "ले भाऊ. ह्या मोजणीन्या नहीत." मी वळलो तसं मागून म्हणाले, "आणि टरफलं खिसामा ठेवू नको!"

मी धुळ्याची गाडी पकडली. आईवडिलांना भेटून पुढं पुण्याला जायचं होतं. शेंगा हातातच होत्या. ठरवलं, या खायच्या नाहीत, जपून ठेवायच्या. एरंडोल मागे पडेपर्यंत मी धीर धरला. पारोळ्याच्या अलीकडे भूक लागली.