रोट फक्त गड्यांचे

हसायचं तर हसा, पण आधी पुरतं ऐका! आता काय सांगू तुम्हाला, ऐन कानबाईपुढं मी अशी माती खाल्ली की भाऊबंद अजून चिडवतात.

सुनेच्या ओळखीनं पुण्याच्या एक मॅडम आल्या. देवधर्मात बायकांची जागा कुठं, यावर पुस्तकं लिहितात म्हणे. श्रावणात आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते, ती बघायला आलेल्या. मी चौथी नापास, पण घरचा कर्ता कोण? मीच ना? आणि ही बाई चुलीपुढं बसून विचारतेय सगळं माझ्या बायकोला, म्हातारीला!

खाकरलो आणि घुसलो आत. सांगितलं, घरातल्या प्रत्येक गड्याच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करतात.

"आणि बायकांच्या नावानं?"

"नाही घेत."

"का?"

का म्हणजे? बापानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही! पण तिचा फोन आवाज टिपत होता. माघार कशी घ्यायची? दिलं ठोकून, "गहू गड्यांचे, तर रोटबी गड्यांनीच खायचे. बायांनी फक्त लाटायचे!"

खोटं हो! आमच्यात सगळं घर खातं.

वाटलं, म्हातारी लाटणं फेकेल. ती गोड हसली. लग्नातबी अशी हसली नव्हती. तिथंच मला कळायला हवं होतं!

"बराबर शे," म्हणाली. "यासना शबद म्हंजे शबद."

दुपारी पंगत बसली. पंगत कसली? मी एकटा! गहू सगळ्यांच्या नावाचे, पण पोरं-नातू सुरतेला, सुटी मिळाली नाही. आणि रोट उरवायचा नाही, घराबाहेर द्यायचा नाही. परातभर रोट, गंगाफळाची भाजी, खीर, आणि समोर मी. दात मोजके.

"वाढ वं सूनबाई, आते धाकलाना नावना."

"बस!"

"बस कसं? कानबाई रुसी जाई ना!"

चौथ्या रोटाला डोळे पांढरे झाले. धोतर सैल केलं, तरी जागा होईना. बायका भिंतीला टेकून बघतायत, मॅडम फोन धरून. शेवटी हात जोडले.

"खा वं मायन्हो, तुम्हीबी खा! नियम गेला खड्ड्यात!"

बायका अशा तुटून पडल्या, विचारू नका.

मॅडम जवळ सरकल्या. "काका, ही गड्यांची रीत सुरू कधी झाली? आणि मोडली कधी?"

मी तोंड उघडलं, तर नुसता ढेकर आला. म्हातारीच फोनवर वाकली, तोंडात घास तसाच.

"सकायले यासनी काढी, दुपारले यासना पोटनी मोडी!"