बारा घरांचा एक रेडिओ

लाईनभाऊंना मी जमिनीकडे बघून चालताना कधी पाहिलं नाही. मान वर, नजर कौलांच्या वळचणीला ताणलेल्या तारेवर, आणि पाय जातील तिकडे. शेणात पडायचे, नालीत पडायचे, एकदा तर समोरून येणाऱ्या म्हशीच्या शिंगांत. म्हशीने त्यांना सोडलं, त्यांनी तारेवरची नजर सोडली नाही. "दुसऱ्या घराच्या कोपऱ्यावर तार सैल झाली हाय," एवढंच म्हणाले आणि धोतर झटकून शिडी आणायला गेले.

इतवारीच्या बाजारामागे आमची विणकरांची गल्ली. बारा घरं, घरागणिक एक तरी हातमाग. मी उमरेडहून लग्न होऊन आले तेव्हा गल्लीत रेडिओ एकच होता, लाईनभाऊंचा. माणूस मूळचा विणकरच. गुडघा बिघडल्यावर माग सुटला आणि ते रेडिओदुरुस्ती शिकले. पोट त्यावर भरायचे, जीव मात्र या तारेत. आपल्या रेडिओपासून त्यांनी जुन्या टेलिफोनच्या तारा बाराही घरांत ओढल्या होत्या, आणि प्रत्येक घरात मागाच्या वर एक लाकडी पेटी टांगली होती. पेटीत छोटा भोंगा. रेडिओ त्यांच्याकडे लागला की गाणं बारा घरांत वाजायचं. मागावर सुताचा धोटा इकडून तिकडे पळायचा तो त्या तालावर.

आमच्या घरी पेटी बसली ती माझ्यासमोर. सासूबाई कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. "भिंतीले कान असते म्हणतात," त्या म्हणाल्या, "तू तं जीभबी लावून राहिला गा!" लाईनभाऊ तोंडात खिळे धरून हसले. आठ दिवसांत सासूबाईच दुपारी जेवण आटोपून पेटीखाली सुताच्या कांड्या भरायला बसू लागल्या. गाणं आवडलं नाही तर पेटीलाच दटावायच्या, "बदल ना गा, काहून रडून राहिला हा?"

तार तुटली की अख्खी गल्ली मुकी. संक्रांतीच्या दिवसांत तर रोज. मांजा तारेत अडकायचा, पोरं ओढायची, आणि ऐन अंतऱ्यात गाणं बंद. मग एकेका घरातले माग थांबायचे, माणसं ओट्यावर यायची आणि लाईनभाऊ शिडी घेऊन निघायचे. त्यांना कुणी म्हटलं, "भाऊ, एवढा खटाटोप काहून करता?" तर म्हणत, "तार हाय तं संसार हाय." स्वतःचा संसार त्यांनी मांडला नव्हता, पण हे कुणी त्यांना बोलून दाखवलं नाही.

तेव्हा रेडिओला लायसन लागायचं. एकदा तपासणीला एक साहेब आले. गल्लीत शिरले तर बारा घरांतून एकच गाणं. त्यांनी वही काढली आणि पेट्या मोजू लागले. लाईनभाऊंनी आपलं एकुलतं एक लायसन पुढे केलं. "रेडिओ एकच हाय, साहेब. बाकी सारे कान हायेत." साहेबांनी चहा घेतला, फर्माईशीच्या गाण्यांचा कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला आणि वही न उघडता गेले.

त्या कार्यक्रमाआधी दुपारी लाईनभाऊ हजेरी घेत. भोंग्यातून आवाज बाहेर येतो तसा आतही जातो, हे मला त्यांनीच समजावलं. त्यांच्याकडे एक खटका होता. खाली केला की ते बोलत आणि आम्ही ऐकत. वर केला की आम्ही बोलत आणि ते ऐकत. "पहिलं घर!" असं पुकारून ते खटका वर करत. घरातून "हाव!" आलं की तार शाबूत. मग दुसरं घर, तिसरं घर. तार तपासायची ती सोय, पण बायकांनी तिचं टपालखातं केलं. आमचं घर नववं. पुकारा झाला की सासूबाई घाईघाईने सांगत, "हाव गा! अन् भाऊ, पाचव्या घरी सांग, माह्यी चाळणी धाडून दे!" लाईनभाऊंनी पुकारलेला चाळणीचा निरोप मग बाराही घरांत ऐकू जायचा. पाचव्या घरची बाई रागाने लाल.

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळची गोष्ट. मला आठवा महिना सुरू होता. गल्लीतल्या एका मुलाचं लग्न कन्हानला होतं आणि सगळी गल्ली सकाळीच गेली. सासूबाई माझ्यासाठी मागे राहणार होत्या. मीच हट्टाने त्यांना पाठवलं. संध्याकाळी तर परत येणार होत्या. ह्यांनाही जायला लावलं. मागे राहिले मी आणि लाईनभाऊ. "कार्यक्रम कोण लावीन?" असं म्हणून ते लग्नाला गेलेच नव्हते.

दुपारी मागावरचं अर्धं लुगडं झाकून ठेवायला गेले आणि पाय घसरला. विणकराच्या घरी मागाखाली पायांसाठी खड्डा असतो, त्यात मी पडले. घोटा मुरगळला, आणि थोड्या वेळाने पोटात कळ आली. मग दुसरी. वर चढता येईना. ओरडले, पण ऐकणार कोण? ओट्यावरचा कुत्राही लग्नाच्या जेवणाला गेला असावा.

किती वेळ गेला कोण जाणे. डोक्यावरची पेटी खरखरली.

"पहिलं घर!"

मला खरं वाटेना. घरांना कुलपं आणि लाईनभाऊ हजेरी घेत होते! थोडा वेळ काहीच नाही. मग "दुसरं घर!" पुन्हा शांतता. मी मध्येच ओरडून पाहिलं, पण खटका नेमका खाली असावा. तेव्हा दम राखून ठेवला. सातवं घर. आठवं घर. एवढा सावकाश आवाज मी जन्मात ऐकला नाही.

"नववं घर!"

"लाईनभाऊ!" मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले. "मी खड्ड्यात पडली! पोटात दुखून राहिलं!"

पेटीतून उत्तर आलं नाही, गाणंही लागलं नाही. आलं ते त्या बिघडलेल्या गुडघ्याचं लंगडतं धावणं, आणि पाठोपाठ सायकलरिक्षाची घंटा. त्यांनी आणि रिक्षावाल्याने मिळून मला वर काढलं. दवाखान्याच्या वाटेवर लाईनभाऊ रिक्षाच्या मागून, एका हाताने ती ढकलत येत होते आणि सारखं बजावत होते, "भेऊ नको, सूनबाई. बोलत राहा. मले आवाज येऊन राहिला पाहिजे."

माझी मुलगी त्या संध्याकाळी झाली. एवढीशी, कापसात गुंडाळलेली, पण रडण्याचा आवाज खणखणीत. वऱ्हाड परतल्यावर सासूबाई धावत आल्या. लाईनभाऊ व्हरांड्यात बसले होते. "पोरगी झाली," त्यांनी सांगितलं, "पण माह्यी फर्माईश बुडाली." सासूबाईंनी लग्नातून आणलेली बुंदीची पुरचुंडी तशीच त्यांच्या हातात दिली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. त्यांना रडताना मी प्रथमच पाहिलं.

पुढे मी त्यांना विचारलं, रिकाम्या गल्लीची हजेरी कशाला घेत होता? ते म्हणाले, "गल्ली खाली हाय, हे मले माहीत होतं. पण तारेले काय माहीत?"

मग ट्रान्झिस्टर आले. खांद्याला अडकवा, पार शहराच्या दुसऱ्या टोकाला धरमपेठेपर्यंत गाणं ऐकत जा. ना तार, ना खटका. एकेक घर पेटी परत द्यायला जाऊ लागलं. जो येई तो ओशाळून उभा राही, आणि लाईनभाऊच त्याची समजूत घालत. ह्यांनीही ट्रान्झिस्टर आणला, तर सासूबाईंनी तो धान्याच्या कोठीत लपवून ठेवला. महिनाभर आमच्या एका घरासाठी लाईनभाऊ कार्यक्रम लावत राहिले. शेवटी स्वतःच शिडी घेऊन आले. "एका घरासाठी लाईन नसते, सूनबाई," म्हणाले. पेटी उतरवून त्यांनी ती पदरासारख्या मऊ फडक्याने पुसली. नंतर गुडघ्याने जोर केला आणि ते उमरेडला भाचीकडे राहायला गेले.

माहेरी गेले तेव्हा त्यांना भेटायला गेले. मुलगी चौथीत होती, तिलाही नेलं. लाईनभाऊ खाटेवर पडून कानाशी ट्रान्झिस्टर धरून होते. मला पाहून चोरी पकडल्यासारखे उठून बसले.

"मस्त हाय वं हे," ते म्हणाले. "झोपून ऐका, बसून ऐका. तार तुटायची भानगड नाही." मग आवाज बारीक करत म्हणाले, "पण एकट्यानंच आयकावं लागते."

माझ्या मुलीने ट्रान्झिस्टर त्यांच्या हातातून घेतला, ओट्यावर नेऊन ठेवला आणि आवाज पूर्ण मोठा केला. समोरच्या घरची म्हातारी ऐकायला आली. मग तिची सून, कडेवर पोर घेऊन. लाईनभाऊ काठी टेकत बाहेर आले आणि सगळ्यांच्या मध्ये बसले. कार्यक्रम संपेपर्यंत कुणीच उठलं नाही. भाचीने केलेला चहा गार झाला, तो तिने पुन्हा तापवला.

ती शेवटची भेट. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. भाचीने पत्रात लिहिलं होतं, मामाचा ट्रान्झिस्टर अजून ओट्यावरच असतो, दुपारी गल्लीतल्या बायका येतात.