एका फ्लॅटला चार माणसं

माझं काम सांगितलं की लोकांना जांभई येते. चाकणच्या पट्ट्यात कुठं कुठं नव्या बांधकामांना परवानगी मिळाली, त्याच्या याद्या दर महिन्याला आणायच्या, नकाशावर ठिपके द्यायचे आणि पुढं कुठं रस्ता रुंद करावा लागेल, कुठं बस लागेल, ते लिहून द्यायचं. ऑफिस निगडीत, एका दवाखान्याच्या वर. हिशोब सोपा: एका फ्लॅटला चार माणसं. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चारच का, हे मी इतक्या वर्षांत विचारलं नाही.

त्याच याद्या बघून मी स्वतः फ्लॅट घेतला, ही माझी हुशारी! चाकणच्या अलीकडे, आतल्या रस्त्याला, एकापाठोपाठ एक परवानग्या निघत होत्या. म्हटलं, इथं बस येणारच. बायको म्हणाली, "अहो, तिथं चिटपाखरू नाही." मी तिच्यापुढं नकाशा पसरला. निगडीच्या भाड्याच्या घरातून खाली उतरलं की तिला बस मिळायची. सांगवीला लेकीकडं, भिशीला, डोळ्यांच्या डॉक्टरकडं, कुणाच्या नाकदुऱ्या काढायला लागत नव्हत्या. गुडघ्यांमुळं माझ्या स्कूटरवर तिला बसता येत नाही. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी नकाशावरच बोट ठेवून बसलो.

नव्या घरापासून हमरस्ता तीन किलोमीटर. रिक्षावाला आत यायचं नाव काढत नाही. आठ महिने तिनं काढले. दुपारी खाली जाऊन वॉचमनशीच बोलत बसायची, म्हणजे बघा. मग लेकीच्या बाळंतपणाला सांगवीला गेली. नात आता चालायला लागली, ही काही परत आली नाही. भांडण नाही, काही नाही. एवढंच म्हणाली, "बस सुरू झाली की येते. तिथं मला कोंडल्यासारखं होतं हो."

मला एकटं वाटतं. साठीला टेकलेल्या माणसानं असं बोलू नये म्हणतात, पण वाटतं, त्याला काय करू? एक वाटी भात लावला तर दोन दिवस पुरतो. लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर मी आपला मजला सोडून त्यांच्या मजल्यापर्यंत जातो, तेवढंच चार शब्द. दूध मात्र मी लिटरभरच घेत राहिलो, दोघांचं. उरलेलं विरजायचो, आणि ते दहीही संपायचं नाही.

गेल्या थंडीत ऑफिसकडं काम आलं. आमच्या भागात एक नवी बस द्यायची होती, एकच. एक रस्ता आमच्या टॉवरांवरून जाणारा, दुसरा जुन्या गावातून कंपन्यांकडं जाणारा. कुठला धरायचा, ते मी लिहून द्यायचं. माझं घर तिथंच आहे हे साहेबांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. परवानग्यांच्या यादीवर आमचा रस्ता डोळे झाकून जिंकत होता, दुसऱ्या रस्त्याला कागदावर नुसती शेतं होती. एका दुपारीत अहवाल लिहून मोकळा झालो आणि सांगवीला फोन लावला. "बस आलीच समज," म्हटलं. ती लगेच विचारायला लागली, तुळस जगलीय का, पिठाच्या डब्याला मुंग्या तर लागल्या नाहीत. इतक्या महिन्यांत तिचा असा आवाज ऐकला नव्हता.

अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. सकाळी खाली उतरलो तर दूधवाला वॉचमनच्या टेबलावर पिशव्या मांडत होता. आमच्या अख्ख्या इमारतीचं दूध एका क्रेटमध्ये मावलं होतं, आणि क्रेटही भरला नव्हता. बारा मजले. बाकीच्या दारांना कुलुपं. कुणी पैसे गुंतवायला घेतलेले, कुणाला बिल्डरला जमीन दिली म्हणून मिळालेले फ्लॅट. हे मला रोजच दिसत होतं, पण मोजायला मन धजत नव्हतं.

ऑफिसला न जाता स्कूटर दुसऱ्या रस्त्याला घातली. कागदावर जिथं शेत होतं तिथं पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा होत्या, आणि प्रत्येक दारापुढं चपलांचा ढीग. खोल्यांचा मालक, टोपीवाला म्हातारा शेतकरी, खाटेवर बसला होता. मी विचारलं, "मामा, एका खोलीत माणसं किती?"

"दिवसाची इचारता का रातची?" तो म्हणाला. "एक शिफ्ट कामाला गेली की दुसरी येऊन झोपती. गादी गार व्हत न्हाई, राव."

"आणि बांधकामाची परवानगी?"

"माझ्या शेतात मी खोल्या काढल्या. त्याला कुनाला इचारायचं?"

तेवढ्यात कंपनीच्या निळ्या कपड्यातल्या तीन पोरी डबे घेऊन निघाल्या. नांदेडकडच्या असाव्यात, बोलण्यावरून वाटलं. कंटेनरच्या कडेकडेनं, ओढण्या नाकाला लावून, तशाच चालत हमरस्त्याकडं गेल्या. मी त्या वळणाआड जाईपर्यंत बघत होतो.

आपलेच दात, आपलेच ओठ. अहवाल फाडला आणि आठवडाभर दोन्ही रस्त्यांवर दारोदार फिरलो. जिथं दूध येतं, जिथं दारात चपला आहेत, तेवढंच घर धरलं, आणि आत राहणारी माणसं मोजून लिहिली. साहेब वैतागले, "कागदावर नसलेली माणसं तुम्ही लिहिता कशी?" मी म्हटलं, "चला, दाखवतो." आले, बघितलं आणि गुपचूप सही केली. माझं घर कुठं आहे तेही मी त्यांना तेव्हाच सांगितलं. बस जुन्या गावातून सुरू झाली.

सांगवीला फोन करायला मी तीन दिवस लावले. सगळं सांगितलं, खोल्या, चपला, त्या पोरी. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "आपल्या घराला किती लिहिलंत?"

"एक," मी म्हटलं.

"म्हणजे मला सांगवीत धरलंत."

"हो."

पलीकडं नात कशासाठी तरी हट्ट करत होती. बायको म्हणाली, "खरं तेच लिहिलंत," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो आणि दूधवाल्याला सांगितलं, उद्यापासून अर्धा लिटर.