वीस पावलांवरचं कामशेत

घरात कुणी डब्याचं झाकण हवेत भिरकावलं, की मी खेकसते. नातवंडं म्हणतात, आजी झाकणाला घाबरते. झाकणाला कशाला घाबरू? मला आठवतं, एवढंच.

एकोणीसशे साठच्या दशकात वडील लोणावळ्याला रेल्वेत रंगारी होते. पूल, खांब, सिग्नल रंगवायचे. दादा तेराचा, मी अकराची. दादाच्या डोक्यातून कधी काय निघेल नेम नसायचा. त्यानं चिक्कीच्या डब्यांची गोल झाकणं जमवली, हात कापू नये म्हणून कडा दगडानं ठोकून घेतल्या आणि तुंगार्लीच्या वाटेवरच्या बागेत खेळ मांडला. ठरलेल्या जागी उभं राहायचं, झाकण गरगर फिरवत फेकायचं आणि समोरचं ठरलेलं झाड गाठायचं. झाकण पडेल तिथून पुढची फेक. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. आम्ही रेल्वेची पोरं, म्हणून प्रत्येक जागा म्हणजे एक स्टेशन. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव असं करत शेवटी पुणं. पुणं म्हणजे माळ्याची पालापाचोळ्याची टोपली. तिच्यात झाकण पडलं की गाडी पोचली.

फेकायचं कुठून, यावरून रोज कडाक्याचं भांडण. मी पाऊल पुढं सरकवायचे, कबूल करते. बाकी स्टेशनांना मातीत रेघ चालायची. कामशेतला जांभळाखाली गवत होतं, रेघ टिकेना. मग दादानं तिथं नारळाएवढा धोंडा ठेवला आणि लांबून दिसावा म्हणून वडिलांच्या डब्यातला रंग चोरून त्याला फासला. लोखंड गंजू नये म्हणून लावतात ना, तो शेंदरी रंग.

आठवड्याभरात धोंड्यापुढं जास्वंदीची दोन फुलं! दादा हसून हसून गवतात लोळला. "आपलं कामशेत देव झालं की गं!"

फुलं वाहणारी पुढच्याच मंगळवारी भेटली. डोंगरावरच्या वाडीतली बाई, मोळी विकायला गावात यायची. बागेतून तिला जवळ पडायचं. पाठीला झोळीत दोन-अडीच वर्षांची पोर, डोळे अर्धे मिटलेले. बाईनं मोळी उतरवली आणि पोरीचं कपाळ धोंड्याला टेकवलं.

"बाय, ह्यो देव कंदीचा गं हितं? मला कसा दिसला न्हाई?"

दादानं माझ्या दंडाला चिमटा काढला. रंग रेल्वेचा. चोरी कळली तर वडिलांची नोकरी जाईल, असं आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

"पहिल्यापासूनच आहे, मावशी," मी म्हणाले.

"पोरीचा ताप उतरंना बग. दवाखान्याचं औशिद चालूच हाय. पाच मंगळवार बोललीय मी ह्याला."

चार मंगळवार ती आली. ती असेपर्यंत आम्ही खेळ थांबवायचो. दादाला अजून हसू यायचं, माझं थांबलं होतं. पण खरं सांगायची छाती होईना.

मग एका सोमवारी मी कामशेतला सलग तिसऱ्यांदा हरले. जांभळाची खालची फांदी माझं झाकण दर वेळी अडवायची. दादा उंच, त्याचं वरून निघून जायचं, वर चिडवायचा, "तुझी गाडी कायमची कामशेतलाच!" माझं डोकं फिरलं. तो घरी गेल्यावर मी धोंडा उचलला आणि वीस पावलं पुढं, पाण्याच्या टाकीपलीकडं, करवंदीच्या जाळीमागं नेऊन ठेवला. उद्या मंगळवार आहे, हे डोक्यात आलंच नाही. खरंच आलं नाही हो. हे मी स्वतःला आजवर किती वेळा ऐकवलं असेल!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आलो, तर ती जांभळाभोवती फिरत होती. कमरेला पाचव्या मंगळवारचा नारळ खोचलेला. गवत हातानं बाजूला सारून बघत होती. धोंड्याखालचं गवत पिवळं पडलेलं, तेवढाच गोल उरला होता. त्याच्यापुढं ती मटकन बसली.

"उटून गेला," ती झोळीतल्या पोरीला सांगत होती. "आपल्यावर रुसून गेला गं बाय."

दादानं माझ्याकडं पाहिलं. माझं तोंड बघूनच त्याला सगळं कळलं. "गप्प बस," तो पुटपुटला, "घरी मारतील." वीस पावलं! ओरडले असते तरी पुरलं असतं. मी मेंदीच्या कुंपणामागं फ्रॉकचं टोक चावत उभी राहिले. नारळ तसाच घेऊन ती गेली, तेव्हा धावत जाऊन मी धोंडा जागेवर आणून ठेवला. पुढच्या मंगळवारी येईल, तिला दिसेल, संपलं. असं मला वाटलं.

पुढचा मंगळवार गेला. त्याच्या पुढचाही. झाकणं मी पलंगाखाली सरकवली. खेळायचं नसूनही रोज बागेत जाऊन बसायचे.

ती आली तेव्हा पाठीवर झोळी नव्हती.

तिनं मोळी उतरवली. धोंड्याकडं बराच वेळ बघत राहिली. "आलास व्हय?" त्यालाच म्हणाली. "आता आलास?" ना रडली, ना ओरडली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग मी दिसले तिला.

"माजंच चुकलं आसंल, बाय. येका मंगळवारी मोळी इकून मग आलते, उशीर झालता. त्येच त्याला लागलं आसंल." मग तिनं विचारलं, "तू रोज हितं आसतीस. तू बगितलंस का गं, कुटं गेलता त्यो?"

करवंदीची जाळी तिच्या मागंच दिसत होती.

"नाही, मावशी," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, धोंड्याला हात जोडले आणि मोळीपाशी गेली. ओझं एकटीला डोक्यावर चढेना. "जरा हात लाव गं बाय," ती म्हणाली, आणि मी पुढं होऊन हात लावला.