उत्तरासाठी सोडलेली जागा

ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होतो तेव्हा मीराचा फोन आला. "काका, बाबा इज गॉन." तिचे बाबा म्हणजे श्रीधर, इथला, कॅनडातल्या रेजिनातला माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र. त्याला जाऊन आता दीड महिना झाला.

तो युनिव्हर्सिटीत भाषाशास्त्र शिकवायचा आणि आयुष्यभर एकाच भाषेच्या मागे होता. पश्चिम आफ्रिकेतल्या एका नदीकाठची ती भाषा. बोलणारी एकच म्हातारी उरली होती, ती मॉन्ट्रियलला लेकीकडे असायची. हा तिच्यासमोर रेकॉर्डर लावून बसायचा. पद्धत ठरलेली, शब्द हा एकदा म्हणणार, मग थांबणार आणि ती तीनदा म्हणणार. "अरे, आपली पोरं मराठी बोलेनात, आणि तू कुणाची भाषा वाचवतोयस?" असं मी चिडवायचो. तो हसायचा आणि पॉटलकच्या जेवणांत सगळ्यांना त्यातले आवाज काढून दाखवायचा. ग आणि ब आगेमागे नाहीत, एकदम. घसा आणि ओठ बरोबरच मिटायचे, बरोबरच उघडायचे, वर सूर चढा की उतरता यावर अर्थ ठरायचा. आम्ही पोट धरून हसायचो.

म्हातारी गेली आणि तो आठ दिवस घराबाहेर पडला नाही. मग एका रविवारी माझ्याकडे आला, दारातच थांबला आणि त्या भाषेत काहीतरी म्हणाला. "हा त्यांचा नमस्कार. घरातल्याने उत्तर दिल्याशिवाय पाहुणा बसत नाही. तेवढं एक उत्तर शीक ना. मला उत्तर देणारं कुणी उरलं नाही रे." मी दोनदा प्रयत्न केला, थुंकी उडाली, हसू आलं. "जाऊ दे, या वयात जीभ वळत नाही. बूट काढ, चहा टाकतो." तो जरा वेळ उभा राहिला... मग बसला. पुढे दर रविवारी यायचा, पायपुसण्यावर क्षणभर थांबायचा आणि मग आत यायचा. का थांबतो ते मला कळत होतं. तरी मी शिकलो नाही, निव्वळ आळसापायी. याची मला फार लाज वाटते.

परवा मीराला बेसमेंट आवरायला मदत केली. रेकॉर्डरवर शेवटची फाइल लावली. श्रीधरचा आवाज, तोच नमस्कार, आणि पुढे नुसती शांतता. पुन्हा नमस्कार, पुन्हा शांतता. "इट्स मोस्टली ब्लँक, काका. डिलीट करू?" मीराने विचारलं. मी नको म्हटलं. तीनदा उत्तर देता येईल एवढी जागा त्याने प्रत्येक वेळी सोडली होती.

रेकॉर्डर आता माझ्याकडे आहे. म्हातारीच्या जुन्या फाइल्स ऐकून ते उत्तर शिकतोय. रविवारी चहाच्या वेळी त्याचा नमस्कार लावतो आणि दाराकडे तोंड करून उत्तर देतो. ग आधी येतो, ब मागून. सूरही बहुतेक चुकतो, पण दुरुस्त करायला कुणी नाही. तीनदा म्हणतो. मग म्हणतो, "बस रे आता."