बुडालेल्या जहाजातला कप

आज इथे विद्यानगरमध्ये शेजारणीने माझा डबा परत केला, आत मूठभर साखर घालून. भांडं रिकामं परत करू नये, हे तिच्या तेलुगू घरातही आहे तर! मला एकदम लहानपणीच्या, मलकपेठच्या आमच्या घरातली एक दुपार आठवली.

केबल टीव्ही तेव्हा नुकताच आला होता. विशाखापट्टणमला पाणबुड्याचं काम करणारा मामा बुडालेल्या जहाजातून निळ्या नक्षीचा कप घेऊन आला. कपाला अजून खारट वास येत होता. मी तो लगेच शोकेसमध्ये मांडलासुद्धा.

"विचारून आणलास का रे?" आईने विचारलं.

"कुणाला विचारू, अक्का? सगळे बुडाले की."

"म्हणून काय त्यांचं घर उघडं पडलं? जिथला तिथे नेऊन ठेव."

मी रुसून बसले. आईने कप स्वच्छ पुसला आणि आत साखरेची पुरचुंडी ठेवली.

मामा हसतच सुटला. "समुद्रात साखर?"

"मग रिकामा देतोस?"

माझा रुसवा तिथेच संपला. महिन्याने मामाचा फोन आला, "ठेवला, अक्का. पण साखर हातातच विरघळली."

आई खुशीत म्हणाली, "म्हणजे पोचली त्यांना."