लवंगबाईची गाडी

लवंगबाईची गाडी फाट्यावर थांबली की दारातून आधी तिचा वास खाली उतरायचा, मग माणसं. लवंग, दालचिनी, थोडे मिरे आणि मागून जळक्या लाकडासारखं काहीतरी. गोड म्हणावं तर अजिबात नाही. सडक अर्जुनीकडून गोंदियाला जाणाऱ्या सकाळच्या बसची ती कंडक्टर, आणि संध्याकाळी तीच गाडी घेऊन परत यायची. बाई कंडक्टर ही आमच्याकडे तेव्हा नवलाईच होती. तिचं खरं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही. फाट्यावरच्या बायांनी ठेवलेल्या नावाला ती बिनतक्रार ओ द्यायची.

सेंटची शिशी तिनं गोंदियाच्या बाजारातून घेतली होती. दुकानदारानं म्हणे सांगितलं, ये लेडीज-जेंट्स दोनों को चलता है, बहनजी. घरी एकच शिशी, नवरा-बायको दोघंही लावायचे. इतका झणझणीत वास कायले लावता, असं मी एकदा विचारलं. "गुलाबाचा लावून पायला," ती म्हणाली, "तं लोक तिकीट काढाचं सोडून गोष्टी सांगत बसले. हा लावला तं सुट्टे काढून उभे रायते."

खरंच तसं होतं. ती कधी ओरडायची नाही. कुणी बिडी काढली, की बाजूला जाऊन नुसती उभी राहायची. कुणी पोरीबाळींच्या अंगावर रेलला, तरी तेच. वास नाकात शिरला की भलेभले सरळ होऊन बसायचे. मला मात्र त्याच वासानं धीर यायचा. आमच्या गावातून कॉलेजला जाणारी मी एकटीच पोरगी. पहिल्याच दिवशी तिनं मला आपल्या बाजूच्या सीटवर बसवलं आणि ती जागा पुढं माझीच झाली.

थंडीत त्या गाडीची एक खिडकी धड लागत नसे. मी कुडकुडायला लागले की लवंगबाई आपला खाकी स्वेटर माझ्या खांद्यावर टाकायची आणि स्वतः साध्या शर्टावर तिकिटं फाडत फिरायची. त्या स्वेटरानंच घोटाळा केला.

माझी ओढणी धुवायला घेताना आईच्या नाकात तो वास गेला. तिनं दोनदा हुंगून पाहिलं आणि ओढणी बाबांच्या हातात दिली. "हा बायांचा वास नोहे," एवढंच ती म्हणाली. मी जीव तोडून सांगितलं की कंडक्टरबाईचा आहे. बाईमाणूस असा वास काऊन लावेल, असं आईनं विचारलं. मला शिकवायचंच हा बाबांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी भावकीची बोलणी खाल्ली होती. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच म्हणाले, "उद्या मी येतो संगं. खोटं निंगलं तं कालेज बंद." रात्रभर माझ्या डोक्यात एकच विचार. बाईनं नेमकी उद्याच रजा घेतली तर?

सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून फाट्यावर आले. गाडी आली. दार उघडलं आणि तो वास खाली उतरला. इतकं हायसं मला परीक्षेच्या निकालालाही वाटलं नाही. बाबा पायरीवर एक पाय ठेवून तसेच थबकले.

"काय हुंगून रायले भाऊ? वर या ना," लवंगबाई म्हणाली.

बाबा चढले आणि बसल्या बसल्या तिला सगळं सांगून मोकळे झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रागावेल असं वाटलं होतं. पण तिनं थैलीतून शिशी काढली, बाबांच्या बाहीला सेंटाची चांगली दोन बोटं पुसली आणि म्हणाली, "घरी जाऊन आता आपल्या बाईले हुंगाले सांगा." बाबा हसायला लागले. भर गाडीत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

पुढच्या गावी उतरून ते घरी परतले. आईनं दारातच नाक वर केलं आणि म्हणाली, "म्हंजे आता तुमाले बी घरी बसवा लागते का?" कॉलेज वाचलं. त्यानंतर आई रोज संध्याकाळी माझी ओढणी हुंगायची, पण उलट कारणानं. वास नसला की काळजीनं विचारायची, आज बाई नव्हती का गं?

माझं शेवटचं वर्ष संपता संपता लवंगबाईची बदली झाली. तिच्या शेवटच्या फेरीला बाबा मला सोडायच्या निमित्तानं फाट्यावर आले. हातात आमच्याच बांधीतल्या, घरच्या धानाच्या शेतातल्या चिन्नोर तांदळाची पिशवी होती. आमच्याकडचा हा तांदूळ शिजला की वासानं शेजारच्या घरी कळतं. बाबांनी जयभीम घातला, पिशवी तिच्या हातात दिली आणि खाली बघत म्हणाले, "तुमच्या वासानं माही पोरगी शिकली बाई. हा आमच्या घरचा वास."

लवंगबाईनं पिशवीचं तोंड उघडलं, नाक आत घातलं आणि बराच वेळ वर काढलंच नाही. गाडी खोळंबली होती. मग तिनं घंटीची दोरी ओढली आणि मला म्हणाली, "बस वं, आपल्या जागेवर."